एका कानाची कुडी

आमच्या घरात हिऱ्याची कुडी आहे. एकच. कुड्या जोडीने असतात, त्यामुळे हे वाक्य कुणालाही विचित्र वाटेल, पण मी लहानपणापासून ती एकटीच बघत आले. कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या तलम लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मध्ये एक मोठा हिरा, भोवती सहा लहान, मागे सोन्याची दांडी आणि फिरकी. दुसरी कुडी 1984 साली मोडली. आदल्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली होती. बाबांना सरकारी कॉलेजात जागा मिळाली नव्हती, आणि नव्या कॉलेजांची फी आजोबांच्या पगारात बसत नव्हती. आज्जीने एका कानातली कुडी काढून दिली. दोन्ही का नाही दिल्या, असं मी एकदा विचारलं होतं. "एकीत भागलं की," एवढंच म्हणाली.

त्या कुडीवर बाबा इंजिनिअर झाले, आणि बाबा झाले म्हणून मी झाले. मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. गेल्या वर्षी लग्न ठरलं, तेव्हा आज्जीने डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "एका कानात कोण घालतंय? तुझ्या अंगठीला लाव."

मला वाटलं, महिन्याभराचं काम आहे. सात महिने लागले. हिरा कुठला, त्याचं करायचं काय, आणि कुणाच्या हाती द्यायचा, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत अशी माझी समजूत होती. ते एकच आहेत हे फार उशिरा कळलं.

घरात चालत आलेली गोष्ट अशी, की हा हिरा गोवळकोंड्याचा आणि ताराराणींच्या वेळचा. पुरावा काही नाही. कोल्हापुरात कुठल्याही जुन्या वस्तूचा इतिहास सरळ ताराराणींपाशी जाऊन थांबतो, मधली दीडदोनशे वर्षं कुणी मोजत नाही. मी मात्र तपासायचं ठरवलं. सवयच आहे, कुणी सांगितलं म्हणून कोड चालतं असं मी मानत नाही.

गुजरीत, महाद्वार रोडला लागून असलेल्या त्या गल्लीत, आमचे पिढीजात सोनारकाका आहेत. साज, ठुशी, पुतळ्यांची माळ, चिताक हे त्यांचं काम. वज्रटीकही करतात, जिच्या नावात वज्र आहे आणि अंगावर एकही हिरा नाही. त्यांनी कुडी भिंगाखाली धरली, उलटी केली, आणि म्हणाले, "मागनं बंद हाय. उघडल्याबिगर काय सांगता येत न्हाई."

जुन्या जडावकामात हिऱ्यामागे सोन्याची बंद वाटी असते. त्या वाटीत आधी डांक बसवतात, म्हणजे चकचकीत धातूचा पातळ पत्रा, आणि त्यावर हिरा. डांकेवरून उजेड परत फिरतो आणि हिरा चमकतो. पण वर्षानुवर्षं पाणी, साबण, तेल आत झिरपतं, डांक काळी पडते आणि हिराही मेल्यासारखा दिसायला लागतो. आमच्या कुडीचं तेच झालं होतं. आमचा हिरा काळसर आहे अशीच माझी समजूत होती.

उघडताना माझा जीव वर होता. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही, अशी आपली जुनी समजूत. ती चूक आहे, आणि त्या चुकीपायी जगभरात किती खरे हिरे फुटले असतील कुणास ठाऊक. ओरखडा न पडणं वेगळं आणि धक्का सोसणं वेगळं. हिऱ्याला चार दिशांनी फुटीची प्रतलं असतात, तिथे नेमका घाव बसला की तो लाकडासारखा दुभंगतो. पैलू पाडणारे पूर्वी याच गुणाचा उपयोग करून मोठा खडा तोडत. काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण हात त्याप्रमाणेच चालत होता. सोन्याची कड कोरणीने केसाकेसाएवढी उचलत त्यांनी अर्ध्या तासात मधला हिरा मोकळा केला, गरम पाण्यात रिठा घालून धुतला आणि पांढऱ्या कागदाच्या पुडीवर ठेवला.

काळसर काही नव्हतं. स्वच्छ, किंचित पिवळट झाक असलेला, चौकोनाचे कोपरे गोलावलेत असा उशीसारखा आकार. वजन 0.58 कॅरट. भोवतीचे सहा निघाले ते वेगळ्याच जातीचे: तळ सपाट, वर त्रिकोणी पैलूंचा घुमट. त्याला रोझ कट म्हणतात. मधला मात्र वरून-खालून दोन्हीकडे पैलू पाडलेला, आणि तळाचं टोक अणकुचीदार न ठेवता छाटलेलं, त्यामुळे वरून पाहिलं की आत मधोमध एक बारीक छिद्र असल्यासारखं दिसतं. बाजारात याला ओल्ड माइन कट म्हणतात.

इथे ताराराणींची गोष्ट डगमगायला लागली.

आपल्याकडे हिरा फार जुना आहे. बाकीचं जग हिरे बघायला लागलं तेव्हा आपल्याकडे त्यांच्या परीक्षेचे ग्रंथ होते. चांगला हिरा कोणता, तर सहा टोकं, आठ बाजू, बारा धारा असलेला, असं रत्नशास्त्र सांगतं. हे वर्णन अष्टफलकाचं आहे, म्हणजे दोन पिरॅमिड बुडाशी बूड लावून चिकटवल्यासारख्या आकाराचं. हिरा जमिनीतून निघतो तो बहुधा याच आकारात. थोडक्यात, आपल्या पूर्वजांना निसर्गाने दिलेलाच आकार उत्तम वाटत होता. त्यात माणसाने काही करायचं म्हणजे वजन घालवायचं.

सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये कोल्लूरच्या खाणींपर्यंत येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय, की इथले कारागीर खडा स्वच्छ असेल तर त्याला चाकाचा नुसता हात लावतात, आकार द्यायला जात नाहीत, कारण वजन कमी होण्याची भीती. आत डाग असेल तर मात्र तो झाकायला सगळ्या अंगावर बारीक पैलू पाडतात. म्हणजे आज आपण ज्याला 'चांगला कट' म्हणतो, तो त्या काळी इथे संशयाचा विषय होता. इतके पैलू? काहीतरी लपवलंय.

त्याच ताव्हेर्नियेने एक प्रसंग सांगितला आहे. अंगठीवाल्यांच्या दुकानातून मी बाहेर पडायचे तेव्हा दर वेळी तो आठवायचा. मुघल दरबारी एक प्रचंड हिरा होता, कच्चा असताना जवळजवळ 790 कॅरटचा. तो घडवायला ओर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे दिला. त्याने तो फोडून डाग काढायच्या ऐवजी घासत बसून काम केलं, आणि हाती आला तो 280 कॅरटचा. मजुरी राहिली बाजूला, बादशहाने त्यालाच 10,000 रुपये दंड केला, आणि त्याच्याकडे जास्त असते तर जास्तही घेतले असते. डिझायनर निवडण्यात झालेल्या चुकीचं एवढं जुनं आणि एवढं महागडं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

तर मुद्दा असा, की वर-खाली मिळून 58 पैलूंचा, उशीच्या आकाराचा खडा ही मूळ आपल्याकडची घडण नाही. ती युरोपातली, आणि ती पसरली अठराव्या शतकात. 1720 च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले. तोवर जगातला जवळजवळ सगळा हिरा हिंदुस्थानातून जाई, आणि इथल्या खाणी आटत आल्या होत्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आधी ब्राझीलच्या हिऱ्यांवर विश्वास ठेवला नाही, म्हणून पोर्तुगीज ते गोव्याला पाठवत आणि तिथून 'हिंदुस्थानी' म्हणून विकत, ही गोष्ट हिऱ्यांच्या इतिहासात हमखास सांगितली जाते. गोवा म्हणजे आमच्यापासून आंबोली उतरलं की आलंच. आमचा गोवळकोंड्याचा हिरा कदाचित ब्राझीलचा असेल आणि त्याचं खोटं नावसुद्धा शेजारीच चिकटवलेलं असेल, या कल्पनेने मी दोन दिवस एकटीच हसत होते. किंवा तो 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या लाटेतलाही असेल. ओल्ड माइन कट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालू होता.

प्रयोगशाळेकडून उत्तर मिळेल अशी आशा होती. मिळालं ते अर्धंच. हिरा नैसर्गिक आहे, कट जुना आहे, रंग आणि स्वच्छता अशी आहे, इतकं कागदावर लिहून येतं. खाण लिहून येत नाही. 'गोलकोंडा' हा शब्द आज बाजारात वापरतात तो ज्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो अशा अतिशय शुद्ध हिऱ्यांसाठी, आणि तसे हिरे आफ्रिकेतही निघालेत, प्रसिद्ध कलिनन त्यातलाच. आमच्या पिवळट झाकेच्या खड्याला तेही नाव लागणार नव्हतं, कारण पिवळा रंग येतो तो बहुतेक वेळा त्या नायट्रोजनमुळेच.

मी आज्जीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग ताराराणींचा न्हाई म्हणतीस?" मी म्हटलं, "बहुतेक नाही." थोडं थांबून म्हणाली, "आत्याबाईंना सांगू नको म्हंजे झालं." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली.

आता प्रश्न उरला करायचं काय. मुंबईच्या एका नावाजलेल्या डिझायनरकडे गेले. काचेचं टेबल, कॉफी, पडद्यावर अंगठीचं त्रिमितीय चित्र फिरतंय. मला ते सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. कॅडची फाइल, त्यावरून रेझिनचा साचा, मग ओतकाम, हे माझ्या भाषेतलं जग होतं. तिने हिरा यंत्राखाली ठेवला, आकडे काढले आणि सांगितलं की खडा चांगला आहे पण "प्रकाश वाया घालवतो". आपण तो नव्याने गोल कापून घेऊ. 0.40 च्या आसपास राहील, पण एक्सलंट कटचा कागद मिळेल आणि किमतीत फारसा फरक पडणार नाही, उलट विकायला सोपा जाईल.

मी जवळजवळ हो म्हणाले होते. कारण तिचं गणित बरोबर होतं.

ते गणित 1919 चं आहे. मार्सेल टोल्कोव्स्की हा बेल्जियमच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातला मुलगा लंडनला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याने हिऱ्याचा प्रश्न कागदावर सोडवला. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 च्या आसपास आहे, त्यामुळे आतला किरण पृष्ठभागाच्या लंबाशी 24.4 अंशांपेक्षा जास्त कोन करून आदळला तर बाहेर निसटू शकत नाही, पूर्ण परत फिरतो. मग खालचे पैलू किती तिरके ठेवले की वरून आलेला प्रकाश दोनदा परतून पुन्हा वरच येईल, आणि वरचे किती ठेवले की तो बाहेर पडताना रंगांत फुटेल? त्याचं उत्तर: खाली 40.75 अंश, वर 34.5 अंश, माथ्याचं सपाट टेबल रुंदीच्या 53 टक्के. इंजिनिअर म्हणून मला हे पान वाचताना जो आनंद झाला तो लपवत नाही. शतकानुशतकं लोक अंदाजाने जे करत होते ते एका पोराने सूत्रात मांडलं.

पण जुने कारागीर अडाणी होते म्हणून तसे पैलू पाडत होते, असं मात्र नाही. ते वेगळा प्रश्न सोडवत होते. अष्टफलकाच्या बाजू उताराला 55 अंशांच्या जवळपास असतात. त्या उताराच्या जेवढं जवळ राहावं तेवढं वजन वाचतं. हिरा कापणारी यांत्रिक करवत आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर खड्याचे सरळ दोन तुकडे करून दोन हिरे काढणं शक्य नव्हतं, वरचं टोक घासूनच टेबल काढायचं. म्हणून जुन्या हिऱ्याचा माथा उंच, टेबल लहान, पोट खोल. आणि तो बघितला जाणार होता दिव्याच्या, मेणबत्तीच्या उजेडात. तिथे मोठे मोठे पैलू सावकाश, ठसठशीत चमक देतात. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली त्याच्याकडून चुरचुरीत चकाकीची अपेक्षा करणं म्हणजे जुन्या माणसाला नव्या पेपरला बसवण्यासारखं आहे.

आपल्याकडे हिरा कुठे घालत होते, तेही बघा. नथीत, मोरणीत, कुडीत. चेहऱ्याच्या जवळ, जिथे समईचा उजेड येतो आणि मान हलली की तो हलतो. बोटातल्या हिऱ्याने लग्न ठरवण्याची रीत आपल्याकडे अलीकडची. साखरपुड्याच्या नावातच साखरेचा पुडा आहे. अंगठी नंतर शिरली, आणि त्यात हिरा त्याहून नंतर. ज्या घोषणेने जगाला हिरा आणि लग्न एकत्र बघायला शिकवलं ती डी बीअर्सची जाहिरात 1947 सालची. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. मलाही अंगठीच हवी होती.

मुंबईहून परतताना गाडीत मी नासिकच्या हिऱ्याबद्दल वाचत होते, आणि माझं उत्तर मला तिथे मिळालं.

इंग्रज त्याला 'नॅसॅक' म्हणतात. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हा हिरा, मूळचा जवळपास 90 कॅरटचा, हिंदुस्थानी पद्धतीने घडवलेला, साधारण त्रिकोणी. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, दुसरा बाजीराव शरण गेला त्या 1818 च्या धामधुमीत, तो कंपनीच्या हाती लागला आणि 'दख्खनच्या लुटी'त लंडनला पोचला. रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तो घेतला. त्यांना त्याची घडण ओबडधोबड वाटली. त्यांनी तो पुन्हा कापला, पण मूळ आकार शक्य तितका राखून. 78 कॅरटच्या वर काही राहिला. पुढे तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरच्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसला. देवाच्या अंगावरून सरदाराच्या कमरेला.

1920 च्या दशकाच्या शेवटी तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्यांमार्फत अमेरिकेत आणला गेला, आणि तिथे एक विलक्षण खटला उभा राहिला. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंवर तिथे आयात कर नव्हता. मग हा हिरा 'कलात्मक पुरातन वस्तू' आहे का, की नुसता पैलू पाडलेला दगड? प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. दगड म्हणून बघितलं तर प्रत्येक हिरा अब्जावधी वर्षांचा, माझ्या मैत्रिणीच्या मागच्या महिन्यात घेतलेल्या कानातल्यातलासुद्धा. (प्रयोगशाळेत पिकवलेला नसेल तर.) मग 'जुना हिरा' म्हणजे काय? त्यातलं जुनं काय असतं? फक्त पैलू. माणसाच्या हाताने पाडलेले ते कोन, एवढाच त्याचा इतिहास. बाकी सगळा कार्बन.

1940 मध्ये हॅरी विन्स्टनने तो विकत घेतला आणि न्यूयॉर्कच्या बाजाराला आवडेल अशा लांबट चौकोनी एमराल्ड कटमध्ये पुन्हा कापला. आता तो 43.38 कॅरटचा आहे आणि निर्दोष आहे. निम्म्याहून जास्त हिरा दोन खेपांत धूळ झाला. 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईंना तो लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला, आणि त्यांनी तो कशात घातला असेल? अंगठीत. 1970 मध्ये लिलावात तो एका मालवाहतूक कंपनीच्या अधिकाऱ्याने घेतला.

कोहिनूरचं सगळ्यांना माहीत असतं. लंडनच्या प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला म्हणून 1852 मध्ये 186 कॅरटचा 105.6 करून टाकला. ज्याच्या आग्रहाने हे झालं तो राणीचा नवरा आल्बर्टही निकालावर खूश नव्हता. पण कोहिनूर निदान ओळखता येतो, आणि तो परत आणा म्हणून आपण भांडतो. नासिकचा हिरा उद्या परत आला तर त्र्यंबकेश्वराने तो ओळखायचा कशावरून? वजन वेगळं, आकार वेगळा, त्रिकोणाचा चौकोन झालेला. त्यात त्र्यंबकेश्वरचं असं काही उरलेलं नाही, नावाशिवाय.

आमच्या कोड लिहिण्याच्या धंद्यात गिट नावाची सोय आहे. काहीही मोडलं तरी जुनी आवृत्ती परत आणता येते, त्यामुळे आम्ही बिनधास्त मोडतो. ती सवय घेऊन मी मुंबईला गेले होते. 0.58 चा 0.40 करता येतो, 0.40 चा 0.58 करता येत नाही, इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. डिझायनरला मी नम्रपणे नाही कळवलं. तिनेही वाईट वाटून घेतलं नाही, तिच्याकडे असे लोक येतच असावेत.

मग गुजरी. काकांचं म्हणणं वेगळंच होतं. "22 कॅरटात बसवतो, तुमच्या घरात 22 च्या खाली कधी काय केलं न्हाई." इथे आमचा पहिला वाद झाला. (हिऱ्याचं वजन कॅरट आणि सोन्याची शुद्धताही कॅरट, यामुळे आमच्या घरात तासभर कुणाला कशाचा मेळ लागत नव्हता.) अंगठी दिवसभर कीबोर्डवर, भांड्यांवर, बसच्या दांड्यावर आपटणार. 22 कॅरटचं सोनं मऊ. हिऱ्याला धरणारी नखं वाकली की खडा गेला. 14 किंवा 18 कॅरट कडक असतं. मी 14 म्हटल्याबरोबर काकांचा चेहरा पडला.

का, ते त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं. जानेवारी 1963 मध्ये, चीनच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी. ज्यांनी आयुष्यभर शुद्ध सोन्याला हात लावला त्या सोनारांच्या शेगड्या विझल्या, देशभर कितीतरी जणांनी जीव दिले. काकांचे वडील दोन वर्षं पेठेत सायकली दुरुस्त करत होते. बंधनं पुढे सैल झाली, पण 1968 चा कायदा गेला तो 1990 मध्ये. "आमच्याकडं 14 कॅरट म्हंजे शिवी हाय," ते म्हणाले. मी गप्प बसले. आज त्यांच्या दुकानात मागच्या खोलीत जडावाचं काम करतात ते दोन बंगाली कारागीर. काकांच्या स्वतःच्या मुलाने मेकॅनिकल केलं आणि तो चाकणला आहे.

आम्ही 18 वर तडजोड केली.

घडण मात्र त्यांचीच. मी फोनवर शंभर चित्रं साठवून नेली होती, त्यांनी ती बघितली, मान डोलावली, आणि कालनिर्णयाच्या मागच्या पानावर पेन्सिलने काढायला लागले. नखं नकोत, सगळीकडून कोंदण घ्यायचं, म्हणजे हिऱ्याची कड सुरक्षित. जुन्या हिऱ्याची कड एकसारखी जाड नसते, एका बाजूला आमची तर सुरीसारखी पातळ होती, तिथे नख दाबलं असतं तर कपचा उडाला असता. यंत्राने ओतलेली वाटी गोल असते, हा खडा धड गोलही नाही आणि चौकोनही नाही. म्हणून कोंदण खड्यावर हातानेच जुळवायचं. पण मागून बंद नाही करायचं. हा एवढा एक हट्ट मी धरला. मागून उघडं असेल तर धुता येतं, डांक लागत नाही, पुन्हा काळं पडत नाही. काका म्हणाले, आमच्या आजाने ऐकलं असतं तर मारलं असतं, पण ठीक आहे.

मुंबईच्या चित्रापेक्षा हे चित्र साधं होतं. थोडं वाकडंही. पण त्यात खडा जसा आहे तसा बघून त्याच्याभोवती सोनं वळवलेलं होतं, आणि मुंबईत चित्र आधी तयार होतं. मला हा फरक शब्दांत मांडायला सात महिने लागले. काकांना तो सांगायची गरजही वाटली नसती.

एक गोष्ट मात्र मी मुंबईत शिकले आणि गुजरीत वापरली. खडा हातातून सोडण्यापूर्वी आपल्यासमोर वजन, लांबी-रुंदी आणि भिंगातून फोटो, आणि ते पावतीवर. आपल्याकडे पिढीजात सोनाराकडे असं मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आईने तर माझ्या पायावर पाय दिला. काकांनी शांतपणे काटा पुढे ओढला. "लिव्हून घ्या. माझ्या बापानंबी लिव्हून दिलं असतं." पावतीवर 0.58 आलं. अंगठी तयार होऊन खडा बसवण्यापूर्वी त्यांनी आपणहून परत वजन केलं. 0.58.

त्या दिवशी गुजरीत गर्दी होती, नवरात्र तोंडावर आलं होतं. देवळात अंबाबाईच्या दागिन्यांची स्वच्छता चालू होती. ती दर वर्षी नवरात्राआधी होते, रत्नं पुसतात, सोनं उजळतात. कुणी देवीच्या खड्यांना पुन्हा पैलू पाडा म्हणत नाही. मी काकांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "देवीला कोण चमक शिकवणार?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

सहा रोझ कट खडे पुडीत घालून त्यांनी वेगळे दिले, सोबत कुडीचं जुनं सोनं, वजनासकट. आणि एका छोट्या कागदात ती काळी डांक, नखाएवढी. ती कशाला ठेवली, मी विचारलं. ते म्हणाले, तुमची वस्तू आहे, मी कशी टाकू?

घरी आज्जीने अंगठी घेतली. चष्मा काढला, परत घातला, खिडकीपाशी जाऊन बघितली. माझ्या अनामिकेच्या मापाची अंगठी तिच्या वाळलेल्या बोटांत सैल जात होती, म्हणून तिने ती अंगठ्यात घातली. आई म्हणाली, "आत्या, तिची आहे ती." आज्जीला ऐकू गेलं नाही, किंवा तिने ऐकलं नाही. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत ती अंगठी तिच्या हातातच होती. मग तिने ती काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "ह्यो मधलाच न्हवं? कमी न्हाई ना केला?"